ओल्या वाळूंतील कानकोरणी

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं कोंकणांतील जमिनीचा सातबाराचा उतारा असेल, त्यांस 'पोटखराब' हा शब्द परिचयाचा असावयाचा. सर्व्हे नंबराच्या पोटांत जी जमीन लागवडीस निरुपयोगी, जिच्यावर भात पिकत नाहीं कीं नाचणी तगत नाहीं, ती पोटखराब. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत जांभ्या दगडाचीं जीं उघडीं पठारें आहेत आणि ज्यांस तिकडील लोक 'सडा' असें म्हणतात, त्यांवरील कातळाची नोंद बहुधा याच सदरांत होते. राष्ट्राच्या हिशेबांतहि त्यास याहून बरें स्थान नाहीं. २००० सालीं भारतांतील पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह प्रथम प्रसिद्ध झाला, त्यांत उघड्या खडकाळ जमिनीस पडीक जमिनीचाच एक वर्ग मानलें आहे.

'खराब' हें विशेषण माणसानें आपल्या पोटाकडे पाहून दिलेलें आहे, हें येथें ध्यानांत ठेवलें पाहिजे. याच सड्यांवर हत्ती, मासे व इतर प्राणी यांच्या प्रचंड आकृति कोरलेल्या आढळल्या आणि २०२२ सालीं त्या कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत झाला, तेव्हां कुठें या ओसाड कातळाकडे सुशिक्षितांची दृष्टि वळली. परंतु कातळशिल्प हत्तीएवढें असतें, तें दिसतें. प्रस्तुत विषय आहे तो त्याच कातळावरील एका अशा रहिवाशाचा, कीं ज्याला पाहावयास माणसास गुडघे टेकावे लागतात.

आषाढाच्या झोडपणाऱ्या सरी ओसरून श्रावणांतील ऊनपावसाचा खेळ सुरू झाला, म्हणजे सड्यावरील उथळ खळग्यांतून पाणी संथपणें झिरपत असतें. खळग्याच्या कांठीं, ओहळाच्या वळणावर, भातखाचरांच्या कडेस बोटभर जाडीचा ओल्या वाळूचा थर साचलेला असतो. त्या वाळूंतून सुतळीच्या धाग्याहूनहि बारीक असे देठ वर येतात. त्यांची उंची कोठें बोटभर, कोठें जेमतेम वीतभर. देठावर एकामागून एक अशीं दोन-चार पिवळींधमक फुलें. प्रत्येक फूल फार तर पाऊण-एक सेंटीमीटर, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढें. त्याला दोन ओठ असतात. खालचा ओठ फुगीर व रुंद, वरचा अरुंद, आणि मागील बाजूस खालीं वळलेलें एक टोकदार शिंग. पानें शोधूं गेल्यास बहुधा सांपडत नाहींत. तीं वाळूच्या पृष्ठभागीं गवताच्या कोवळ्या कोंबांप्रमाणें इतकीं बारीक असतात कीं फूल दिसूं लागेपर्यंत येथें कांहीं वनस्पति आहे याचा संशयहि येत नाहीं.

शास्त्रज्ञांनीं हिला 'युट्रिक्युलेरिया बायफिडा' हें नांव दिलें असून तें लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून चालत आलेलें आहे. युट्रिक्युलस या लॅटिन शब्दाचा अर्थ लहानशी चामड्याची पिशवी, आपल्याकडील पाणक्याच्या पखालीचें बाळरूपच म्हणा ना. हें नांव किती यथार्थ आहे तें पुढें दिसेलच. परंतु लिनियसच्या नांवापेक्षां पूर्वेकडील लोकांनीं ठेवलेलें नांव अधिक रसिकतेचें आहे. भारत व श्रीलंका येथून चीन, जपान आणि खालीं ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागापर्यंत ही वनस्पति पसरलेली आहे. जपानांत तिला 'मिमिकाकिगुसा' म्हणतात आणि चीनमध्यें 'वा-एर-त्साओ'. दोहोंचा अर्थ एकच: कानकोरण्याचें गवत. कारण असें कीं फूल गळून गेलें म्हणजे त्याच्या तळचे दोन हिरवे दळ गळून न पडतां वाढूं लागतात आणि पिकणाऱ्या फळास दोहों बाजूंनीं मिटून घेतात. अशा वेळीं बारीक काडीच्या टोकाशीं तें चपटें, किंचित् खोलगट पान पाहिलें म्हणजे आपल्या आज्यांच्या जुडग्यांत दांतकोरण्याशेजारीं लटकणाऱ्या चांदीच्या कानकोरणीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. तेव्हां या लेखापुरतें तिला कानकोरणी म्हणण्यास हरकत नसावी. तिच्या निळ्या-जांभळ्या बहिणींना आपल्याकडे 'सीतेचीं आंसवें' असें सुंदर नांव आहेच. साताऱ्याजवळील कासच्या पठारावर पावसाळ्याच्या उत्तरार्धांत जो निळा-जांभळा गालिचा पसरतो, त्यांत या बहिणींचा मोठा वांटा असतो.

आतां हें चिमुकलें झाड वाळूसकट अलगद उचलून पाण्याच्या बशींत धुतलें, तर जें दिसतें तें विलक्षण आहे. मूळ म्हणून ज्यास म्हणावें असें कांहीं दिसतच नाहीं. या कुलांतील वनस्पतींना खरीं मुळें नसतातच. त्यांच्या जागीं केसासारखे पांढुरके धागे आडवेतिडवे पसरलेले असतात आणि त्या धाग्यांवर, तसेंच पानांच्या कडांवरहि, खसखशीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहूनहि लहान अशा पारदर्शक पिशव्या लागलेल्या असतात. ह्याच त्या लिनियसच्या पखाली. साध्या भिंगानें त्या दिसूं शकतात; शाळेंतील सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवल्या तर त्यांचें तोंड, तोंडावरील झडप आणि झडपेवरील राठ केस हेंहि स्पष्ट दिसतें. कांहीं पिशव्यांच्या पोटांत एखादा सूक्ष्म कृमि किंवा पाण्यांतील जीव अर्धवट विरघळलेल्या स्थितींत आढळतो. कानकोरणी मांसाहारी आहे.

वनस्पतीनें मांस खावें याचें आश्चर्य लोकांना वाटतें आणि वर्तमानपत्रांतून अशा झाडांविषयीं भलत्याच भयानक कथा प्रसिद्ध होतात. वास्तविक आश्चर्य करावयाचें तर तें तिच्या आहाराचें नव्हे, तिच्या दारिद्र्याचें केलें पाहिजे. इतर झाडांप्रमाणेंच कानकोरणीहि आपली साखर सूर्यप्रकाशांत स्वतः तयार करते. शरीर चालविण्याचें इंधन तिला किड्यांपासून मिळत नाहीं. तिला हवीं असतात तीं नत्र व स्फुरद हीं दोन द्रव्यें, कीं ज्यांवांचून कोणत्याहि सजीवाचें शरीर बांधलें जात नाहीं. सर्वसाधारण झाडें तीं मुळांवाटे जमिनींतून घेतात. ओल्या वाळूंत तीं मिळत कां नाहींत, हें नीट समजून घेण्यासारखें आहे, कारण पुढील सर्व विवेचनाची मेख तेथेंच आहे.

पहिली गोष्ट वाळूच्या स्वभावाची. चिकणमातीच्या सूक्ष्म कणांत अन्नद्रव्यें धरून ठेवण्याची शक्ति असते. वाळूच्या जाड कणांत ती नाहींच म्हटलें तरी चालेल. कोंकणपट्टींत वर्षाकाठीं तीन हजार मिलीमीटरांच्या आसपास व कित्येक ठिकाणीं त्याहून अधिक पाऊस पडतो, आणि तोहि बहुतेक चार महिन्यांत. एवढें पाणी ज्या बोटभर थरांतून वाहून जातें, त्यांतील विद्राव्य क्षार तें सोबत घेऊन जाणार हें उघड आहे. दुसरी गोष्ट सांचलेल्या पाण्याची. पालापाचोळ्यांतील नत्राचें झाडांस सहज घेतां येईल अशा नायट्रेट क्षारांत रूपांतर करणारे जे जंतु जमिनींत असतात, त्यांस प्राणवायु लागतो. वाळूच्या कणांमधील सर्व जागा पाण्यानें भरून गेली म्हणजे हे जंतु गुदमरतात. आणि त्यांच्या जागीं दुसरे जंतु प्रबळ होतात, जे नायट्रेटमधीलच प्राणवायु ओढून घेतात आणि नत्रास वायुरूपानें आकाशांत सोडून देतात. म्हणजे उत्पन्न बंद आणि असलेली शिल्लकहि उडालेली. तिसरी गोष्ट जांभ्याची. या दगडांत लोह व अल्युमिनियम विपुल. जें काय थोडें स्फुरद असेल त्यास हीं दोन मूलद्रव्यें असें जखडून ठेवतात कीं झाडांच्या मुळांस तें सुटतां सुटत नाहीं. घरांत धान्य आहे पण कोठाराची किल्ली हरवली, अशांतला हा प्रकार.

अशा ठिकाणीं जगावयाचें तर धान्य सोडून शिकारीकडे वळणें भाग होतें. सड्यावर कानकोरणीच्या शेजारास जीं दवबिंदूचीं झाडें दिसतात तींहि शिकारीच. त्यांच्या पानांवरील केसांच्या टोकांस चिकट थेंब असतो व त्यावर किडा बसला कीं अडकतो. तो सापळा डोळ्यांस दिसतो, समजण्यास सोपा आहे. कानकोरणीच्या जातीचा सापळा मात्र माणसास समजावयास जवळजवळ शतकभर लागलें आणि त्या शोधाची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

चार्ल्स डार्विन यानें १८७५ सालीं कीटकभक्षक वनस्पतींवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत युट्रिक्युलेरियावर एक सविस्तर प्रकरण आहे. पिशवींत प्राणी जातो कसा, या प्रश्नानें त्यास फार छळलें. त्यानें झडपेवर निळ्या कांचेचे सूक्ष्म कण ठेवून पाहिले. सुईनें हलवूं जातां कण इतके एकाएकीं नाहींसे होत, कीं त्यास वाटे ते आपल्याच हातून उडाले. पिशवी फोडून पाहावें तों कण आंत सुखरूप. एवढा पुरावा हातीं असूनहि त्या महापंडितानें निष्कर्ष काढला तो असा, कीं प्राणी आपलें डोकें पाचरीसारखें झडपेखालीं घुसवून स्वतःच्या बळानें आंत शिरतात. पिशवी स्वतः कांहीं करीत असेल, हें त्याच्या मनांत भरलें नाहीं.

त्याच सुमारास अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांतील व्हाइनलंड या गांवीं मेरी ट्रीट नांवाची एक बाई हींच झाडें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत होती. त्या संस्थानाचा दक्षिण भाग म्हणजे पाइन वृक्षांची रेताड, पाणथळ, शेतीस नालायक ठरलेली भूमि. आपल्या सड्याची चुलत बहीणच म्हणावयाची. मेरी ट्रीट कोणत्याहि विद्यापीठांत नव्हती. पतीपासून वेगळी झाल्यावर मासिकांतून निसर्गविषयक लेख लिहून ती आपला चरितार्थ चालवीत असे. रात्ररात्र जागून तिनें पाहिलें कीं पाण्यांतील अळी झडपेवरील केसांस स्पर्श करते न करते तोंच आंत ओढली जाते; तिच्या बळाचा यांत कांहीं संबंध नाहीं. हें तिनें १८७६ सालीं मासिकांत लेख लिहून प्रसिद्ध केलें. डार्विनचा तिच्याशीं पत्रव्यवहार होता. पाचरीची आपली कल्पना चुकली हें त्यानें तिला पत्रानें मोकळेपणीं कळविलें, ही गोष्ट दोघांसहि भूषणावह आहे. शास्त्रीय ग्रंथांतून मात्र डार्विनचें नांव ठळक आणि त्या बाईचें तळटीपेंत, असा प्रकार पुढें पुष्कळ वर्षें चालला.

ओढून घेते ती कशी, याचा उलगडा १९११ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील ब्रोशे यानें केला आणि मॉन्ट्रियल येथील प्राध्यापक लॉइड यानें आपल्या १९४२ सालच्या ग्रंथांत त्याचें तपशीलवार वर्णन केलें. दौतींतील शाई पेनांत भरण्याचा ड्रॉपर ज्यांनीं वापरला असेल त्यांस तें चटकन् कळेल. रबराचा फुगा दाबून धरावा, टोंक शाईंत बुडवावें आणि फुगा सोडून द्यावा. शाई आपोआप वर चढते. कानकोरणीच्या पिशवीच्या आंतील बाजूस सूक्ष्म ग्रंथि असतात. त्या पिशवींतील पाणी सतत बाहेर फेंकीत राहतात. झडप घट्ट बसलेली असल्यामुळें बाहेरचें पाणी आंत येऊं शकत नाहीं. परिणामीं पिशवीच्या भिंती गाल आंत ओढल्याप्रमाणें खपाटीस जातात. ड्रॉपरचा फुगा दाबून धरला आहे, अशी ही स्थिति. आंतला दाब बाहेरच्यापेक्षां वातावरणाच्या दाबाच्या सुमारें सातव्या हिश्श्यानें कमी झालेला असतो. अशा वेळीं एखाद्या जीवाचा झडपेच्या केसास धक्का लागला, कीं झडपेचा बाक उलटतो, ती आंत कोसळते, भिंती उसळून पूर्ववत् होतात आणि पाणी त्या जीवासह आंत घुसतें. लगेच झडप पुन्हा बंद.

हें किती वेगानें घडतें, तें मोजावयास मात्र एकविसावें शतक उजाडावें लागलें. फ्रान्समधील ग्रेनोबल व जर्मनींतील फ्रायबुर्ग येथील संशोधकांनीं २०११ सालीं अतिवेगवान् कॅमेऱ्याच्या साहाय्यानें यांचीं चित्रें घेतलीं. झडप उघडण्यास लागणारा काळ अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनहजारावा भाग! माणसाची पापणी एकदां लवते तेवढ्यांत ती दोनशें वेळां उघडूं शकेल. आंत घुसणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदास दीड मीटरपर्यंत पोहोंचतो आणि त्यांत सांपडलेल्या प्राण्यास बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सहाशेंपट भरतो. अग्निबाणांत बसून अंतराळांत जाणाऱ्या माणसास तीन-चारपट हिसका सोसतांना पाठीवर निजून राहावें लागतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्याचें महत्त्व पटेल. हीं मापें पाण्यांत तरंगणाऱ्या भगिनी-जातींवर घेतलेलीं आहेत. कानकोरणीची पिशवी त्यांच्याहून लहान असली तरी तिची रचना त्याच धर्तीची आहे. एकदां सापळा उडाला कीं पुढील पाव ते अर्ध्या तासांत ग्रंथि पाणी उपसून तो पुन्हा सज्ज करतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत येईल. सापळा चालतो तो पाण्यावर. वाळू नुसती दमट असून भागत नाहीं; कणाकणांमध्यें पाणी भरलेलें पाहिजे, तरच त्या पाण्यांत पोहणारे एकपेशीय जीव, चक्रधर जंतु, सूतकृमि यांची शिकार साधते. म्हणून पाऊस संपून वाळू सुकूं लागली कीं कानकोरणीचा संसारहि आटोपतो.

आंत गेलेल्या जीवाचें पुढें काय होतें याविषयीं डार्विन साशंक होता. त्यानें भाजलेलें मांस, अंड्याचा बलक नव्हे तर पांढरा भाग, कुर्चा इत्यादींचे तुकडे पिशव्यांत सारून साडेतीन दिवसांपर्यंत ठेवून पाहिले. ते विरघळल्याचें दिसलें नाहीं. तेव्हां प्राणी कुजल्यावर त्याचा रस झाड शोषून घेत असावें, असें त्यानें ठरविलें. आजचें ज्ञान या दोहोंच्या मधोमध आहे. पिशवींत स्फुरद सोडविणारीं पाचकद्रव्यें असतात हें सिद्ध झालें आहे. आणि शिवाय पिशवींत कायम वस्तीस असलेले असंख्य जंतुहि या कामीं हातभार लावतात. डार्विन या वेळीं अगदींच चुकला नव्हता.

वर फुलांत निराळाच व्यवहार चालतो. या कुलांतील पुष्कळ जातींच्या फुलांत मागील शिंगांत मध असतो व तो घेण्यास कीटक येतात. वरच्या मजल्यावर किड्यास पाहुणचार आणि तळघरांत त्याच्या धाकट्या भाऊबंदांची खाटिकखान्यांत रवानगी! परंतु दोहोंचीं गिऱ्हाइकें वेगळीं असल्यामुळें घोटाळा होत नाहीं.

इतकी चतुर योजना जर आहे, तर कानकोरणीनें साऱ्या रानांत कां पसरूं नये, असा प्रश्न साहजिक उद्भवतो. १९८४ सालीं थॉमस गिव्हनिश आणि त्याचे सहकारी यांनीं दिलेलें याचें उत्तर एखाद्या वाण्याच्या वहीसारखें सरळ आहे. सापळा फुकट होत नाहीं. पानाचा जो अंश सापळा झाला, तो साखर बनविण्यास तितकासा उपयोगी पडत नाहीं. शिवाय पाणी उपसण्याच्या कामीं साखर खर्चावी लागते ती वेगळीच. हा खर्च परवडतो तो एकाच स्थितींत: ऊन भरपूर, पाणी भरपूर आणि जमीन मात्र कंगाल. यांतील एक जरी अट मोडली तरी साध्या मुळांचें झाड शिकारी झाडास सहज मागें टाकतें. सावली पडली तर साखर पुरत नाहीं. पाणी गेलें तर सापळा चालत नाहीं. आणि जमीन सुपीक झाली तर गवत वाढून डोक्यावरून जातें.

ही शेवटची अट विशेष विचार करण्यासारखी आहे, कारण माणसाच्या दृष्टीनें खत घालणें हें उपकाराचें काम. अमेरिकेंत एलिसन व गोटेली यांनीं कलशासारखीं पानें असलेल्या एका शिकारी वनस्पतीस नत्राचें खत देऊन पाहिलें. तेव्हां तिनें कलश करण्याचें कमी करून सपाट पानें काढावयास सुरुवात केली. हें संशोधन २००२ सालीं प्रसिद्ध झालें. स्वीडनमध्यें २०१२ सालीं असेंच दिसून आलें. तेथील पाणथळ जागांत, जेथें कारखाने व मोटारी यांच्या धुरांतून पावसाबरोबर फारसें नत्र पडत नव्हतें, तेथील दवबिंदूचीं झाडें आपल्या नत्रांपैकीं सुमारें ५७ टक्के किड्यांपासून मिळवीत; जेथें आकाशांतूनच पुष्कळ नत्र पडे, तेथें हें प्रमाण २२ टक्क्यांपर्यंत उतरलें होतें. एकटें झाड यांत कदाचित् सुखावेल; परंतु त्याच पावसानें शेजारचें गवतहि सुखावतें, आणि त्या शर्यतींत बोटभर उंचीच्या झाडाचा निभाव लागत नाहीं. कानकोरणी उपाशी मरत नाहीं. ती शेजाऱ्यांच्या भरभराटीनें मरते.

या दृष्टीनें सड्याकडे पाहिलें म्हणजे त्यावर आज जें चाललें आहे त्याचा अर्थ निराळा लागतो. जांभ्याचे चिरे काढावयाच्या खाणी हा धोका उघड आहे आणि त्याविषयीं बोललेंहि जातें. गोव्यांत पेडणें तालुक्यांतील मोप्याच्या जांभ्याच्या पठारावर विमानतळ उभारण्यांत येऊन २०२२ च्या डिसेंबरांत त्याचें उद्घाटन झालें. रस्ते, कारखाने, बंगल्यांचे भूखंड यांसाठींहि प्रथम दृष्टि जाते ती सड्याकडेच, कारण तेथें पीक बुडाल्याची तक्रार करावयास कोणी नसतो. परंतु कानकोरणीवर येणारें दुसरें संकट हितचिंतकांकडून येतें. कातळ सुरुंगानें फोडून, खड्ड्यांत बाहेरची माती व खत भरून हापूसची कलमें लावतात. ओसाड जागेची बाग झाली म्हणून सर्वांस आनंद होतो. कलमांस कोणी दोष देऊं नये, कोंकणच्या माणसाचें पोट त्यांवर आहे. तथापि त्या खताचें पाणी पावसांत उतारानें वाहत खालच्या वाळूंत जातें, आणि ज्या खळग्यांत कालपर्यंत कानकोरणी व गेंद फुलत होते तेथें उंच गवत माजतें. वृक्षारोपणाच्या सप्ताहांत उत्साही मंडळी शाळेच्या मुलांना घेऊन जेव्हां उघड्या पठारावर रोपें लावतात, तेव्हां त्यांचा हेतु शुद्धच असतो. पण जी जागा कधीं वन नव्हतीच, तेथें सावली आणणें म्हणजे ज्यांना ऊन हवें त्यांना हुसकून लावणें होय. गुरांच्या चरण्याचीहि गोष्ट अशीच दुधारी आहे. फार गुरें आलीं तर वाळू तुडविली जाते. पण चराई सर्वस्वीं बंद केली तर गवतास मोकळें रान मिळतें. हा तोल गांवच्या गुराख्यास पिढ्यान्‌पिढ्या साधत आला होता, त्यानें वनस्पतिशास्त्राचें पुस्तक उघडलें नसतांहि.

कासच्या पठारास २०१२ सालीं पश्चिम घाटाचा एक भाग म्हणून जागतिक वारशांत स्थान मिळालें. त्याचें कौतुक योग्यच आहे. तेथें निळा-जांभळा गालिचा असतो, छायाचित्र उत्तम येतें. कानकोरणीचा गालिचा होत नाहीं. तिचे पुंजके इथेंतिथें विखुरलेले असतात, आणि उभ्यानें पाहणाऱ्यास ते पिवळ्या ठिपक्यांपलीकडे कांहीं वाटत नाहींत. पीटर टेलर या क्यू येथील वनस्पतिशास्त्रज्ञानें १९८९ सालीं या कुलावर जो बृहद्ग्रंथ लिहिला, त्यांत जगांतील २१४ जाति वर्णिल्या आहेत. भारतांतील जातींवर जनार्दनम् व हेन्री यांचा ग्रंथ १९९२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील कित्येक जाति पश्चिम किनाऱ्याच्या अशा ओल्या पठारांशींच बांधलेल्या आहेत, अन्यत्र त्यांस घर नाहीं. कानकोरणीचें तसें नाहीं, तिचा विस्तार मोठा. ती जपानांतहि आहे आणि मलबारांतहि. परंतु ज्या ओल्या वाळूंत ती वाढते त्याच वाळूंत तिच्या या दुर्मिळ बहिणी वाढतात, म्हणून तिचें असणें हें त्या जागेची प्रकृति ठीक असल्याचें लक्षण समजावें. ज्या कुटुंबाच्या गांवच्या जमिनींत असा ओला खळगा असेल, त्यानें त्यासाठीं करावयाचें काम अगदीं थोडें आहे: वरच्या अंगास खत टाकूं नये, मातीचा भराव घालूं नये, पाण्यास चर काढून वाट करून देऊं नये. दिवाळीच्या सुट्टींत मुलें गांवीं आलीं तर त्यांना एक भिंग द्यावें. तोंपर्यंत फुलें थोडीं उरलेलीं असतात, पण कानकोरण्या तयार झालेल्या असतात.

कार्तिक सरतां सरतां त्या हिरव्या कानकोरण्या वाळून तपकिरी होतात व खालीं झुकतात. फळ उकलून त्यांतून धुळीसारखें बारीक बीं वाळूंत पडतें. एक बीं अर्ध्या मिलीमीटरहूनहि लहान. फुलें, धागे, पखाली सगळें सुकून वाऱ्यावर जातें. पुढील सहा-सात महिने सडा असा तापतो कीं अनवाणी पाऊल ठेववत नाहीं, आणि पाहणाऱ्यास तेथें खरोखरच कांहीं नसतें. चिरेखाणीचें काम सुरू होतें तें बहुधा याच दिवसांत. पहिलें काम म्हणजे कातळावरील चार बोटें वाळू-माती खरवडून बाजूस लोटणें. कानकोरणीचें पुढील वर्षाचें सगळें बीं त्या चार बोटांत असतें.